टिंब कुठलं? सहावीच्या वर्गातले दशांश, एक फोन आणि ४१ कार्डं

मध्य मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत, सहावीच्या वर्गात, पावसाळ्याच्या दोन महिन्यांत हे घडलं. शाळेचं नाव दिलेलं नाही, मुलांचीही नावं नाहीत. ज्या मुलीविषयी सविस्तर लिहिलं आहे तिला तिच्या कार्डाच्या क्रमांकाने ओळखू. मी त्या वर्गाला गणित शिकवते. निर्णय माझे होते, काही चुकले, आणि ते कुठे चुकले हे दुसऱ्या शिक्षकांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

पार्श्वभूमी

शाळा गिरणगावातली. १९८२ च्या संपाआधी इथल्या वर्गांत गिरणी कामगारांची मुलं बसायची. आता त्यांची नातवंडं आणि नव्याने आलेल्या कुटुंबांची मुलं येतात. वडील कुठे सिक्युरिटीत, कुठे डिलिव्हरीवर. आया पोळीभाजी केंद्रात, नाहीतर चार घरची कामं करतात. मुंबईतल्या बहुतेक मराठी शाळांसारखीच पटाची काळजी आम्हालाही आहे. इमारत एकच, सकाळचं आणि दुपारचं अशी दोन अधिवेशनं, त्यामुळे एका वर्गखोलीवर दोन तुकड्यांचा हक्क. सहावीत ४१ मुलं.

गेल्या वर्षी देणगीतून एक मोठा टचस्क्रीन पॅनल मिळाला. तो आमच्याच खोलीत बसवला. सोबत प्रत्येक धड्याचे तयार व्हिडिओ होते. मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका) शेजारी कागद चिकटवला, ‘पॅनलला हात लावू नये’. वस्तू महाग, वर्ग दाटीचा, त्यांची भीती रास्त होती.

मी दशांश अपूर्णांकांचा धडा पॅनलवरूनच शिकवला. रंगीत पट्ट्या दहा भागांत कापल्या जात होत्या, संगीत वाजत होतं, मुलं डोळे विस्फारून बघत होती. एवढी शांतता माझ्या तासाला क्वचितच असते. शेवटी ‘समजलं का?’ विचारलं की एका सुरात ‘होऽऽ’. घटक चाचणीतही बऱ्यापैकी गुण पडले. मी धडा संपल्याची नोंद केली.

अडचण कशी समोर आली

अडचण गणिताच्या तासाला दिसलीच नाही. ती पटांगणात दिसली.

खेळाच्या तासाला सर मुलांकडून जागेवरची लांब उडी करून घेत होते. टेपवर एक मूल, वहीत आकडे लिहायला दुसरं. सर आकडा सांगत, मुलगा लिहून घेई. तास संपता संपता दोघांत भांडण पेटलं आणि ते माझ्यापर्यंत आलं. एकाची उडी १.४ मीटर, दुसऱ्याची १.३५. वही सांभाळणाऱ्याने १.३५ वाल्याला पहिला नंबर दिला होता. हरलेला मुलगा रडवेला होऊन म्हणत होता, “बाई, माझी उडी पुढे पडली, सगळ्यांनी बघितलंय.” वहीवाला शांतपणे म्हणाला, “पण पस्तीस मोठे ना चारपेक्षा.” सात-आठ मुलं त्याच्या बाजूने उभी राहिली. त्यातल्या काहींनी ती उडी डोळ्यांनी पाहिली होती. तरीही कागदावरचा आकडा त्यांना खरा वाटला आणि जमिनीवरची खूण खोटी.

त्या संध्याकाळी मी घटक चाचणीचा कागद काढला. लहान-मोठा ओळखा, चार जोड्या: ०.७५ आणि ०.३, २.४८ आणि २.१, १.६ आणि १.९, ५.३२ आणि ५.१७. माझ्या हातातली पेन्सिल तिथेच थांबली. ‘जास्त अंक असतील ती संख्या मोठी’ असं मानणाऱ्या मुलाचंही यातलं एकही उत्तर चुकत नव्हतं. मुलं नापास होऊच शकत नव्हती, कारण मी त्यांना चुकायची संधीच दिली नव्हती.

ही समजूत एकट्या आमच्या मुलांची नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनल यांनी दशांशांच्या तुलनेवर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या कामातून दोन मोठे गट दिसतात. एका गटाला जास्त अंकांची संख्या मोठी वाटते. दुसऱ्याला, शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात एवढंच लक्षात राहिल्याने, कमी अंकांची संख्या मोठी वाटते. दोन्ही गटांची बरीच उत्तरं बरोबर येतात, म्हणून जोड्या निवडूनच विचाराव्या लागतात. ४.८ आणि ४.६३ ही जोडी पहिल्या गटाला पकडते, ५.७३६ आणि ५.६२ ही दुसऱ्याला.

मराठीत आणखी एक गुंता आहे. ‘दशांश’ म्हणजे दहावा भाग, आणि ‘दशांश’ हेच त्या सबंध प्रकारच्या अपूर्णांकांचंही नाव. मूल ०.३५ ला ‘शून्य दशांश पस्तीस’ म्हणतं, नाहीतर घरच्यासारखं ‘शून्य पॉइंट पस्तीस’. ‘पस्तीस’ एकदा तोंडात बसलं की ते चारपेक्षा मोठंच ऐकू येतं.

समोरचे पर्याय

मोठ्या बाईंचं म्हणणं, व्हिडिओ पुन्हा दाखवा, पॅनल त्यासाठीच तर आहे. मला ते पटलं नाही. व्हिडिओत काही चूक नव्हती. पण बघताना मूल मनात काय जुळवतंय ते त्या काचेवर उमटत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

दुसरा पर्याय अनपेक्षितपणे आला. माजी विद्यार्थ्यांचा एक गट दहा टॅब द्यायला तयार होता. यावर आम्ही आठवडाभर बोललो. खोलीत प्लगच्या जागा दोन, त्यातली एक पॅनलने घेतलेली. कुलूपबंद कपाट नाही. दुपारच्या अधिवेशनात टॅब कोणाच्या ताब्यात? चार मुलांमागे एक टॅब आला की एक मूल बोट फिरवणार आणि तिघं बघणार, हेही दिसत होतं. मी ‘आत्ता नको’ म्हटलं. माजी विद्यार्थी दुखावले, आणि त्यांचं दुखावणं मला लागलं. त्यातल्या दोघांना मी शिकवलं आहे.

तिसरा, घरी सराव. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत, त्यांवरून २०१७ पासून सुरू असलेल्या ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरचं साहित्य उघडतं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्म पाठवायचा विचार केला आणि पालकसभेत विचारलं. एका आईने सरळ सांगितलं, “फोन यांच्याबरोबर कामाला जातो बाई. रात्री साडेनऊला येतो, तेव्हा चार्जिंग संपलेलं असतं, नि पोरगी झोपलेली.” माना हलल्या. घरच्या फोनवर विसंबणारी कुठलीही योजना सर्वात गरजू मुलांना आधी वगळणार, हे त्या सभेत स्पष्ट झालं.

उरला एकच फोन, माझा. प्लिकर्स नावाचं अ‍ॅप त्यावर चालतं. मुलाच्या हातात कागदी कार्ड असतं, त्यावर काळ्या चौकोनांची नक्षी, प्रत्येकाची वेगळी. कार्डाच्या चार बाजू म्हणजे चार उत्तरं. आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचं उत्तर काय ते नोंदलं जातं. बाजूंची अक्षरं बारीक असतात, नक्षी सगळ्यांची निराळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून कार्ड फिरवणं सोपं नाही. मुलाकडे ना फोन लागतो, ना चार्जिंग.

पाट्यांचाही विचार झाला होता. त्याबद्दल शेवटी.

काय केलं

कार्डं छापण्याआधी एक गोष्ट ठरवली: अ‍ॅपमध्ये मुलांची नावं घालायची नाहीत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे आणि त्यांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कायदा नसता तरी अकरा वर्षांच्या मुलाच्या चुकांची यादी त्याच्या नावानिशी कुठेतरी साठावी हे मला रुचलं नसतं. अ‍ॅपमध्ये फक्त १ ते ४१ आकडे टाकले. हजेरी क्रमांकही नाहीत. कोणता आकडा कोणाचा ते एका वहीत, वही माझ्याकडे.

पहिली कार्डं हौसेने लॅमिनेट केली आणि तीच पहिली फसगत झाली. ट्यूबलाइटचा उजेड चकचकीत कागदावरून परतून येई आणि मागच्या तीन रांगा कॅमेऱ्याला दिसतच नसत. शिवाय मुलं कार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरत, बोटं नक्षीवर येत. तो सगळा तास “कार्ड खाली कर, बोट काढ” यातच गेला. पुढच्या आठवड्यात झेरॉक्सवाल्याकडून साध्या कार्डशीटवर पुन्हा छापून घेतली, कडेला अंगठ्यासाठी जागा आखली. मग चाळीस मुलांची उत्तरं अर्ध्या मिनिटात येऊ लागली.

*पहिला प्रश्न आणि पहिली मोठी चूक.* फळ्यावर लिहिलं: ०.८ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती? त्या दिवशी ३९ मुलं होती. ०.८ म्हणणारी निघाली ९.

मी वाचलं होतं की हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझुर १९९१ पासून एक पद्धत वापरत आले आहेत: प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने आपापलं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. मी उत्साहाने म्हटलं, बोला शेजाऱ्याशी, दोन मिनिटं. वर्ग अक्षरशः घुमला. पुन्हा कार्डं वर आली. बरोबर उत्तरं ९ वरून ६ वर.

त्या पद्धतीतली अट मी नजरेआड केली होती. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असली तरच शेजाऱ्याशी बोलण्याचा उपयोग होतो. त्याहून कमी असतील तर वर्गात पटवून देणारंच कोणी नसतं. चुकीचं उत्तर बहुमताने आणि मोठ्या आवाजात जिंकतं. माझ्या वर्गात नेमकं तेच झालं. बरोबर असलेल्या नऊ जणांपैकी तिघांनी हार मानली.

पण त्या दोन मिनिटांत मी बाकांमधून फिरत होते, आणि जे कानावर पडलं ते कुठल्याच चाचणीत मला मिळालं नसतं.

एक मुलगा: “चार पॉइंट पाचनंतर डायरेक्ट पाच येतं. सहा बॉल झाले की ओव्हर संपली.” त्याच्यासाठी टिंबानंतर सहापर्यंतच मोजायचं होतं.

दुसरी: “८.४० ची फास्ट ८.५ च्या नंतर येते ना? मग चाळीस मोठे.” तिचे बाबा रोज ती गाडी पकडतात. आपण घड्याळाची वेळ टिंब देऊनच लिहितो, आमच्या वर्गाच्या वेळापत्रकावरही १२.३० असंच लिहिलेलं आहे.

तिसरा उंचीवर अडला होता. दवाखान्यात त्याची उंची ४.८ लिहिली होती, म्हणजे चार फूट आठ इंच, आणि त्याला पक्कं ठाऊक होतं की १२ इंच भरल्याशिवाय पाच फूट होत नाही.

मी थबकलेच. ही मुलं बिनडोकपणे अंक मोजत नव्हती. त्यांच्या रोजच्या जगात टिंबाचे चार-पाच अर्थ होते आणि प्रत्येक अर्थ आपापल्या जागी बरोबर होता. मी आणि तो व्हिडिओ असं धरून चाललो होतो की टिंब त्यांना पहिल्यांदाच भेटतंय. रुपये-पैशांचं उदाहरणही आम्ही सवयीने देत आलो. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली, म्हणजे या मुलांच्या जन्माआधी. त्यांनी पाच पैसे हातात धरलेले नाहीत. ३.५ रुपये म्हणजे तीन रुपये पाच पैसे असं कोणी म्हटलं तर त्यांना खटकणार कसं?

*दुसरा निर्णय: धडा थांबवून टिंब गोळा करणं.* त्या दिवशी शाळा ते स्टेशन या वाटेवर मी फोनने फोटो काढले. कोणाचा चेहरा येणार नाही एवढं बघितलं. भाजीवाल्याच्या काट्यावर ०.२५०. गॅस सिलिंडरवर १४.२ किलो. औषधाच्या बाटलीच्या टोपणावर २.५ मिली. मैदानाच्या धावफलकावर १६.४ ओव्हर. दुकानाच्या पाटीवर ‘दुपारी १.३० ते ४.३० बंद’. ज्यांच्या घरी शक्य होतं त्या मुलांनीही फोटो पाठवले. ज्यांना शक्य नव्हतं त्यांनी कागदावर चित्र काढून आणलं आणि मी त्यांचे फोटो घेतले.

दुसऱ्या दिवशी ते सगळं पॅनलवर. दोन रकाने केले. मुलांना एकच प्रश्न: टिंबानंतर किती भरले की डावीकडचा आकडा एकने वाढतो? ओव्हरला सहा, वेळेला साठ, फुटाला बारा. सिलिंडरपाशी वाद पेटला. अर्धा वर्ग म्हणाला १४ किलो २ ग्रॅम. मागच्या बाकावरून आवाज आला, “दोन ग्रॅम कोण लिहील? दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर मीठ!” हसू उसळलं, पण वाद तिथेच सुटला: १४ किलो २०० ग्रॅम, म्हणजे किलोचे दहा भाग केले त्यातले दोन. रकान्यांना नावंही मुलांनीच दिली, ‘दहाचं टिंब’ आणि ‘दुसरं टिंब’. त्यानंतर वर्षभर कोणी चुकलं की शेजारचा विचारायचा, “टिंब कुठलं?”

*तिसरं पाऊल: पॅनलवरचा कागद काढला.* मी मोठ्या बाईंकडे गेले आणि मुलांना पॅनलला हात लावू द्या म्हणाले. आठवडाभरासाठी परवानगी मिळाली. जिओजेब्रा या गणिताच्या अ‍ॅपमध्ये संख्यारेषा उघडली, ० पासून १ पर्यंत. एकेका मुलाने यायचं आणि दोन बोटांनी ती रुंदावायची. मोबाइलवरचा नकाशा मोठा करायची सवय सगळ्यांना आहेच. ० आणि १ दूर सरकले, मध्ये दशांशाच्या खुणा उगवल्या. आणखी रुंदावलं, ०.३ आणि ०.४ यांच्यामध्ये शतांशाच्या खुणा. ०.३५ तिथे सापडलं, आणि मग रेषा पुन्हा आकसत नेली तेव्हा ०.८ उजवीकडे, लांब. उडीचा वहीवाला मुलगा हे करायला आला होता. त्याने रेषा दोनदा मोठी-लहान करून पाहिली, वळून त्या हरलेल्या मित्राकडे बघितलं आणि म्हणाला, “तुझी लांब होती यार.”

शुक्रवारी कार्डांवर विचारलं: १.४ की १.३५? ४० पैकी ३४ बरोबर.

*आणि कार्ड क्रमांक १७.* इथे थांबले असते तर मोठी चूक राहून गेली असती. सोमवारी उलट्या जातीची जोडी दिली: ०.३ आणि ०.४७. अकरा मुलांनी ०.३ मोठी म्हटलं, त्यात शुक्रवारी बरोबर आलेलेही होते. रात्री मी नोंदी उघडल्या. १७ नंबरचं कार्ड एका शांत मुलीचं, तिसऱ्या बाकावरची, कधी हात वर न करणारी. जिथे कमी अंकांची संख्या मोठी होती तिथे तिचं प्रत्येक उत्तर बरोबर. जिथे जास्त अंकांची मोठी होती तिथे प्रत्येक चूक. एकही अपवाद नाही. तिने जुना नियम टाकून नवा धरला होता: ‘कमी अंक, मोठी संख्या.’ वहीत तिला निम्मे गुण मिळाले असते आणि मी ‘अभ्यास कर’ असा शेरा मारला असता.

मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं. व्हिडिओ नाही, पॅनल नाही. विचारलं, घरी सामान कोण आणतं? “मी.” पाव किलो आणि अर्धा किलो, जास्त काय? “अर्धा.” कागदावर लिही. तिने ०.२५ आणि ०.५ लिहिलं. तिच्या नियमाने हेही बरोबरच ठरत होतं, म्हणून पुढे गेले. आता पाऊण आणि अर्धा. तिने ०.७५ लिहिलं, खाली ०.५ लिहिलं, आणि सवयीने ०.५ भोवती गोल काढला. मग पेन तसाच धरून बसली. बराच वेळ. “पण पाऊण किलो जास्त भरतं,” ती म्हणाली, जवळजवळ तक्रारीच्या सुरात. मी काहीच बोलले नाही. तिने ०.५ च्या पुढे स्वतःहून एक शून्य लिहिलं.

त्यानंतर वर्गात बोलण्याची पद्धत बदलली. ‘शून्य पॉइंट पस्तीस’ बंद. एकतर ‘शून्य दशांश चिन्ह तीन पाच’, नाहीतर ‘पस्तीस शतांश’. आणि आठ दशांश म्हणजे ऐंशी शतांश, हे रोज तास सुरू होताना दोनदा म्हणायचं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड ही घरची मापं भिंतीवर दशांशात लिहून लावली. हे शब्द आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत आणि मी ते दशांशाच्या धड्यात कधी आणलेच नव्हते, याचं वाईट वाटतं.

निष्पत्ती

गणपतीची सुट्टी आली. आमच्या भागात त्या दिवसांत शाळा, रस्ता, झोप सगळं बाप्पाचं असतं. सुट्टीनंतर मुद्दाम, न सांगता, दोन्ही जातींच्या सहा जोड्या विचारल्या. ४१ पैकी ३१ मुलांची सहाच्या सहा बरोबर. चौघांची एखादी चूक. सहा मुलं अजून पहिल्याच नियमावर होती. त्यातली चार पावसाच्या दिवसांत सलग गैरहजर राहिलेली, आणि फोटोंचा तास त्यांनी पाहिलाच नव्हता. त्या सहांना शाळा सुटल्यावर वीस मिनिटं बसवलं. सहामाहीपर्यंत चौघं सुधारली, दोघं नाही. १७ नंबरची सहाच्या सहा बरोबर होती, सहामाहीतही टिकली.

यातलं किती कार्डांमुळे, किती फोटोंमुळे आणि किती केवळ जास्त वेळ दिल्यामुळे, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. एका धड्याला ठरल्यापेक्षा आठ तास जास्त गेले, आणि त्याची किंमत सममितीच्या धड्याने मोजली. तो घाईत उरकला.

शाळेत काय बदललं? विज्ञानाच्या बाई कार्डं मागून नेतात. समाजशास्त्राच्या सरांनी दोन आठवडे वापरून सोडली. त्यांच्या मते चार पर्यायांत इतिहास मावत नाही, आणि मला ते पटतं. पॅनलवरचा कागद पुन्हा लागला नाही. माजी विद्यार्थ्यांना वर्गात बोलावून कार्डांचा एक तास दाखवला. त्यांनी टॅबऐवजी शाळेसाठी एक फोन दिला, म्हणजे आता माझा स्वतःचा फोन आणि त्यावरचा डेटा लागत नाही. जुन्या इमारतीच्या जाड भिंतींत नेटवर्क अजून अधूनमधून जातं, त्या दिवशी कार्डं निरुपयोगी ठरतात.

पुन्हा करायचं झालं तर

पहिलं, पाट्या. प्रत्येक मुलाने पाटीवर उत्तर लिहून एकदम वर धरायचं, याला वीजही लागत नाही नि नेटवर्कही. कार्डांनी जे पहिल्या दिवशी दाखवलं ते पाट्यांनीही दाखवलं असतं: वर्ग चुकतोय. मी आठवडाभर आधी सुरू करू शकले असते. पाट्यांनी जे दाखवलं नसतं ते १७ नंबर. पंधरा दिवसांच्या उत्तरांतला तिचा नमुना एका पाटीवर टिकत नाही. म्हणून आता रोजच्या प्रश्नाला पाट्या, आणि जिथे मुलाच्या मनातला नियम शोधायचा असेल तिथेच कार्डं.

दुसरं, प्रश्न आधी आणि साधन नंतर. फसवी जोडी शोधायला मला चार दिवस लागले आणि अ‍ॅप शिकायला एक संध्याकाळ. पहिल्याच चाचणीत ०.८ आणि ०.३५ विचारलं असतं तर पटांगणातल्या भांडणाची वाट बघावी लागली नसती.

तिसरं, ९ बरोबर असताना चर्चा सोडायला नको होती. तिथे थांबून एक ठोस वस्तू, मोजपट्टी किंवा काटा, वर्गात आणायला हवी होती. ज्या तिघांनी बरोबर उत्तर सोडलं त्यांतला एक त्यानंतर बरेच दिवस कार्ड उशिरा वर करायचा, आधी बाजूला बघून. त्याला पुन्हा स्वतःच्या उत्तरावर उभं करायला दिवाळी उजाडली.

चौथं, फोटोंचा तास एकदाच घेतला. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत रुळांवर पाणी आलं की वर्गात १४ मुलं उरतात, हे मला दरवर्षी ठाऊक असतं. महत्त्वाचा तास दोनदा घ्यायचा, हे नियोजनातच लिहायला हवं.

टॅब नाकारल्याबद्दल मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करते. कपाट आणि प्लगची सोय झाली, तर पाच टॅब आणि त्या मागे राहिलेल्या दोन मुलांसारख्यांसाठी रोज वीस मिनिटं, एवढा उपयोग मला आज दिसतो. तेव्हा दिसला नव्हता. यंदाच्या जूनमध्ये टॅबसाठी मी स्वतःच अर्ज दिला आहे, दहा नव्हे, पाच टॅबचा, आणि सोबत सुताराकडून आणलेला कपाटाचा दर जोडून.

नव्या सहावीला दशांश अजून सुरू व्हायचे आहेत. खेळाच्या सरांना मात्र आधीच सांगून ठेवलं आहे की या वर्षी लांब उडीची वही मी तपासणार.